सांगितलं का?

हमीदभाई, आज सकाळी ऑफिसात येऊन कॉम्प्युटर सुरू केला आणि समोर तुमचं नाव आलं. नावाखाली एक प्रश्न होता, ‘यांना सांगितलं का?’ आणि त्याखाली दोन बटणं, होय आणि नाही.

हा प्रश्न मीच लिहिलेला. तुम्ही गेल्यानंतर लिहिला आणि तुमच्यामुळं लिहिला. काल कारखान्याच्या लेबर ऑफिसनं तुमच्या नावापुढं ‘मयत’ अशी नोंद घातली. मशीननं ती पहाटे वाचली, तुमचं खातंच कायमचं बंद करायची तयारी केली आणि मी शिकवल्याप्रमाणं थांबून विभागप्रमुखाला विचारलं. तुमच्या खुर्चीवर आता मी बसतो, त्यामुळं विचारलं मला. उद्या सकाळची पाळी सुरू व्हायच्या आत मी ‘होय’ म्हटलं नाही, तरी ते खातं बंद करणारच आहे. फक्त शेजारी लिहून ठेवेल की सुभाषनं सांगितलं नव्हतं.

एकदा तुम्हाला न सांगता काढलंय. ते तुम्हालाही माहीत होतं आणि मलाही, आणि त्यावर आपण एक अक्षर बोललो नाही. दुसऱ्यांदा तसं होऊ द्यायचं नाही, एवढं मी ठरवलंय. पण जो माणूसच नाही त्याला सांगायचं कसं, हे नियम लिहिताना माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

तुमच्या काळात कारखान्यात लॉगिन मिळणं हे एक कार्य असायचं. नवा माणूस नेमणुकीचा कागद घेऊन आपल्या ईडीपीत, म्हणजे कॉम्प्युटर विभागात यायचा. तुम्ही उठून त्याला स्वतःच्या खुर्चीवर बसवायचात. तो संकोचून अर्ध्या खुर्चीवर टेकायचा. “नीट बस की रं, खुर्ची चावत न्हाय,” असं म्हणून त्याच्यापुढं चहा सरकवायचात. मग पासवर्डची शिकवणी. “असा ठेव की बायकोला सुचायचा न्हाय आणि तुला इसरायचा न्हाय.” उसाचं वजन करणारा काटा क्लार्क असो नाहीतर लॅबमधला केमिस्ट, कुणाला काय उघडता येईल आणि काय नाही, हे सगळं तुमच्या हातून व्हायचं.

बंद करायचं कामही तुमचंच. आपल्याकडं निम्मी माणसं हंगामी. ऊस सुरू झाला की येतात, ऊस संपला की आपापल्या गावाला जातात. हंगाम संपला की तुम्ही मोटरसायकल काढायचात. काटा, शेतकी, गोदाम, लॅब, प्रत्येकापाशी जाऊन उभे राहायचात. “आजपासून तुझं बंद करतो बरं का. पहिल्या मोळीला ये, दुसऱ्या दिवशी चालू.” नव्या हंगामाची पहिली मोळी पडेपर्यंतचाच प्रश्न, म्हणून तो मान हलवायचा, मग तुम्ही परत येऊन त्याचं खातं बंद करायचात. या फेरीत अर्धा आठवडा जायचा. मी तुमच्यामागं चरफडत बसायचो, कारण तेवढे दिवस ईडीपीचं बाकीचं काम माझ्या एकट्याच्या डोक्यावर.

माझा आक्षेप वेळेचा नव्हता, हे तुम्हाला माहीत आहे. हंगामी माणसाला तुम्ही सांगू शकायचात, कारण तो परत येणार असायचा. ज्याचं कायमचं काढायचं, तिथं तुमची जीभ उचलायची नाही. स्टोअरमधून डिस्टिलरीला बदलून गेलेल्या साहेबांना स्टोअरचा साठा अजून बदलता येत होता. शेतकीतून हिशेब विभागात आलेल्याकडं उसाच्या नोंदी तशाच राहिलेल्या. कुणी गैरफायदा घेतला नाही, हे आपलं नशीब. नशिबावर कारखाना चालवायचा नसतो, असं मी तुम्हाला तोंडावर म्हणालो होतो.

मग मी तो प्रोग्रॅम लिहायला घेतला. कोण कुठल्या हुद्द्यावर आहे हे लेबर ऑफिसच्या नोंदीत असतंच. मशीननं रोज पहाटे ती नोंद वाचायची आणि त्याप्रमाणं माणसाला ग्रुपमध्ये घालायचं किंवा ग्रुपमधून काढायचं. परवानगी माणसाला नाही, ग्रुपला. पहिली चाचणी घेतली तेव्हा जिथं नसायला हवीत अशी नावं मशीननं काढून दाखवली, त्यात सगळ्यात वर माझंच नाव.

“हे काय हमीदभाई? मला अजून काट्यावरचं वजन दुरुस्त करता येतंय!”

“येतंय तर येऊ दे की. करतोस का?”

“करत नाही.”

“मग?”

“मग काय मग! काट्यावरून उठून मला किती वर्षं झाली?”

तुम्ही चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसत बसलात. “तुला कसं सांगू रं? काट्यावरनं तुला म्याच उचलून हितं आणला. दुसऱ्या दिवशी काढलं असतं तर म्हणला असतास, हमीदभाईला भरोसा न्हाय.”

“नसतो म्हणालो.”

“मनात म्हणला असतास. ते लई वाईट.”

“बघा, म्हणूनच मशीन पाहिजे. त्याला भीड नाही. बदली झाली की माणूस ग्रुपच्या बाहेर.”

“म्हंजे माणसाला काहीच न्हाय. जे हाय ते खुर्चीला.”

“होय, खुर्चीला.”

“मग पगार बी खुर्चीलाच दे. आन् ह्या मुळव्याधीचं बी खुर्चीच बघंल.”

शेजारचे सगळे हसले, मीही हसलो. पण सही तुम्ही केलीत. विभागप्रमुखाची सही असल्याशिवाय तो प्रोग्रॅम सुरू झालाच नसता. मला काट्यावरून उचलून आणलंत, कॉम्प्युटर शिकवलात, आणि तुमचंच काम काढून घेणारी गोष्ट मी तुमच्यापुढं ठेवली तेव्हा तीही मान्य केलीत. त्या वेळी हे माझ्या ध्यानात आलं नाही. आपण मुद्द्यावर जिंकलो, एवढंच वाटलं.

त्या हंगामाची शेवटची गाडी मी विसरणार नाही. तुम्हीही विसरला नव्हतात, दर सहा महिन्यांनी मला आठवण करून द्यायचात.

शेवटच्या दिवशी सगळे फेटे बांधून कार्यक्रमात असणार, म्हणून हंगाम संपल्याची नोंद लेबर ऑफिस आदल्या संध्याकाळीच घालून ठेवतं. वर्षानुवर्षांची रीत. कागदाच्या काळात तिनं कुणाचं काही बिघडवलं नव्हतं. पण मशीनला रीत कुठली कळायला? पहाटे त्यानं वाचलं की हंगाम संपला, आणि सगळी हंगामी माणसं एका झटक्यात बाहेर काढली.

केळीचे खुंट, फुगे आणि गुलाल लावलेली उसाची शेवटची ट्रॉली काट्यावर येऊन उभी राहिली. हलगी वाजत होती. चेअरमन नारळ घेऊन तयार होते. आणि काट्याच्या केबिनमधून हंगामी क्लार्क महादेव म्हणाला, “साहेब, मला आत घेईना.”

पुन्हा पासवर्ड टाकून झाला. घेईना. हलगी थांबली. जमलेल्या शेतकऱ्यांतून कुणीतरी म्हणालं, “काटा मारताना घावला वाटतं. बंदच केला त्याला.”

साखर कारखान्यात याहून वाईट शब्द नाही. काट्यावरच्या माणसाचं लॉगिन बंद झालं म्हणजे त्यानं वजनात चोरी केली, असाच अर्थ गावोगाव जाणार. महादेव इथल्याच वाशीकडचा, त्याच्या गावचेच ऊस घेऊन आलेले लोक समोर उभे होते. तो हात मांडीवर ठेवून नुसता पडद्याकडं बघत राहिला. मी खाली उभा होतो. काय झालं ते मला त्याच क्षणी कळलं होतं, आणि माझे पाय जागचे हलले नाहीत.

तुम्ही फेटा सावरत केबिनची पायरी चढलात. महादेवच्या खांद्यावर हात टाकलात आणि खालच्या गर्दीला ऐकू जाईल असं ओरडलात, “ह्या माणसाचा काटा म्या सोता तपासलाय! मशीन येडं झालंय, महादू न्हाय! आन् त्या मशीनचा बाप त्यो बघा, तिकडं उभा हाय!”

सगळी गर्दी माझ्याकडं वळून हसली. तुम्ही तुमच्या लॉगिननं वजन घेतलंत, महादेवला शेजारी बसवून पावती त्याच्या हातानं द्यायला लावलीत. हलगी पुन्हा सुरू झाली.

दुपारी कँटीनमागच्या कडुनिंबाखाली आपलं भांडण झालं.

“तारीख चुकली, हमीदभाई. पुढच्या वर्षीपासून थोडे दिवस सवलतीचे ठेवतो.”

“ठेव. पन त्याला सांगणार कोन?”

“स्क्रीनवर येतंय की, प्रवेश नाही म्हणून.”

“कुलूप काय सांगतंय का? कुलूप नुस्तं असतंय. देताना मशीननं दे, म्या कुठं न्हाय म्हणतो. काढताना माणसानं जाऊन सांगायचं.”

“माणूस सांगत नाही, हमीदभाई! तुम्हीच सांगत नाही. माझं काट्याचं सांगितलंत का?”

तुम्ही मग कपबशी माझ्याकडं सरकवलीत. “चा पी.”

ते भांडण तिथंच राहिलं. मी तारीख दुरुस्त केली. सांगायचं तसंच सोडलं. पुढच्या हंगामात गोंधळ झाला नाही, तेव्हा मला वाटलं, प्रश्न मिटला.

मग यंदा तुमच्या किडनीचं निघालं. बार्शीवरून सोलापूर, सोलापूरहून घर, पुन्हा सोलापूर. रजा लांबत गेली. लांबलेल्या रजेवरच्या माणसाला ग्रुपमधून काढायचं, हा नियम आपण दोघांनी मिळून ठरवलेला आणि नियम म्हणून बरोबरच आहे. माणूस दवाखान्यात असताना त्याच्या परवानग्या चालू ठेवू नयेत. दुसऱ्या दिवशी ज्यांची परवानगी निघणार, त्यांत तुमचं नाव मी आदल्या दिवशीच वाचलं होतं. हातात फोन होता. “हमीदभाई, उद्यापासून तुमचं बंद होतंय, बरे होऊन या, चालू करतो,” एवढं वाक्य. तुम्ही शेकडो लोकांना बोललेलं. मला जमलं नाही. वाटलं, आजारी माणसाला हे काय सांगायचं? मशीन करेल. भिडेला औषध म्हणून जे मशीन बनवलं, त्याच्याच मागं मी लपलो.

पहाटेची नमाज झाली की तुम्ही फोनवर आदल्या दिवसाच्या गाळपाचा आकडा उघडायचात. दवाखान्यातल्या खाटेवरही. त्या सकाळी तो उघडला नसणार. मला तुमचा फोन आला.

“सुभाष, काल गाळप किती झालं रं?”

मी आकडा सांगितला.

“आन् साखरेचा उतारा?”

तोही सांगितला.

“बरं हाय. चांगलं हाय.” आणि थोडा वेळ तुम्ही फोन तसाच धरून ठेवलात. मी म्हणालो, तब्येतीला जपा. तुम्ही म्हणालात, व्हय.

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. तिसऱ्या दिवशीही. आकडा, उतारा, बरं हाय, आणि ती शांतता. तुम्हाला परत ग्रुपमध्ये घालणं माझ्या हातचं होतं. एकाला अपवाद केला की उद्या साहेबांचा मेहुणा दारात उभा राहील, असं मी स्वतःला समजावत होतो. खरं कारण एवढंच की परत घातलं असतं तर काढलं होतं हे कबूल करावं लागलं असतं. रोज फोन ठेवताना ठरवायचो, उद्या सांगतो.

मग एका सकाळी फोन वाजला नाही. मी गाळपाचा आकडा समोर उघडून बसलो होतो. थोड्या वेळानं रुबीनाचा फोन आला. तुमच्या मुलीला बोलता येत नव्हतं, तरी कळलं.

परंड्याला कबरस्तानात माती देताना महादेव माझ्या शेजारी होता. परतताना गाडीत तो एकच वाक्य बोलला, “मला खांद्यावर हात टाकलेला अजून जाणवतोय.”

त्यानंतर मी एमडी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. सांगितलं की प्रोग्रॅममध्ये बदल करायचाय. चोरी किंवा निलंबन असेल तर परवानगी तत्काळ निघेल, तिथं दयामाया नाही. पण बदली, रजा, निवृत्ती, हंगाम, अशा वेळी मशीन आधी त्या माणसाच्या साहेबाला विचारेल, सांगितलं का म्हणून.

“चाललंय ते चालू द्या सुभाषराव. मशीनला कसली भीडभाड?”

“मशीनला नाही साहेब. पण बाहेर राहिलेला माणूस आपलाच असतो.”

“आणि साहेबानं सांगितलंच नाही तर? महिना महिना लोंबकळत ठेवायचं?”

“एक दिवस. दुसऱ्या सकाळी मशीन काढणारच. फक्त कुणी सांगितलं नाही, तेही लिहून ठेवेल.”

ते हसले. “म्हणजे माझंही नाव येणार?”

“तुमचंही.”

त्यांनी मान्य केलं. हमीदभाई, मी मशीन मागं घेतलेलं नाही, हे तुम्हाला ठणकावून सांगतो. काढायचं कामही त्याच्याकडंच आहे. त्या बाबतीत माझं बरोबर होतं आणि आजही आहे. सांगायच्या बाबतीत तुमचं बरोबर होतं. दोन्ही एकत्र बसतात, हे कडुनिंबाखालीच सुचायला हवं होतं. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, एवढ्यासाठी इंजिनेर लागतो व्हय?

यंदाची शेवटची गाडी गेल्यावर मी मोटरसायकल काढली. काट्यावर गेलो. महादेव पावत्यांची पुडकी बांधत होता.

“महादेवराव, उद्यापासून तुमचं बंद होतंय. पहिल्या मोळीला या, दुसऱ्या दिवशी चालू.”

त्यानं वर बघितलं. “हमीदभाई सपनात आले का काय तुमच्या?”

“आले असते तर शिव्या दिल्या असत्या.”

“शिव्या न्हाय देणार. चा पाजतील. ते जास्त लागतंय.” आणि त्यानं हात पुढं केला. शेतकी, गोदाम, लॅब करून मी परत आलो. यंदा गावाला गेलेल्या एकाही हंगामी माणसाच्या नावापुढं ‘सांगितलं नाही’ असं लागलेलं नाही.

आणि आज सकाळी हे तुमचं नाव. म्हणून दुपारी परंड्याला गेलो.

बाहेरच्या खोलीत रुबीनानं पाणी दिलं, चहा दिला. भाभी इद्दतीत, म्हणजे नवऱ्यामागं पाळायच्या एकांतात आहेत, परक्या पुरुषासमोर येत नाहीत, तेव्हा आतल्या दाराच्या पडद्यामागून बोलल्या. मी सांगितलं की कारखान्यातलं हमीदभाईंचं खातं बंद करायचंय.

“करा की भाऊ. मला त्यातलं काय कळतंय?”

“ते म्हणायचे, काढताना माणसानं जाऊन सांगावं. म्हणून आलो.”

त्या म्हणाल्या, “मग मला कशाला सांगताय? त्यांना सांगायचं. लई वाट बघितली त्यांनी.”

“कशाची?”

“आमच्या उसाच्या नोंदीला रुबीनाचा नंबर हाय. तिच्या फोनवर कारखान्याकडनं रोज यायचा की गाळपाचा आकडा. ती दाखवायला जायची, तर म्हणायचे, नको, सुभाषला इचारतो. म्या म्हणलं, आकडा समोर असताना फोन कशाला? तर म्हणले, त्याला कायतरी सांगायचंय. जीभ रेटंना त्याची. फोन केला की सांगंल.”

रुबीना खाली बघत होती. चहाचा कप माझ्या हातात तसाच राहिला.

“रागावले होते का, भाभी?”

“रागावले असते तर फोन केला असता का?” पडद्यामागून भाभी म्हणाल्या. “चा घ्या. गार व्हायला लागला.”

परत येऊन तुमच्या खुर्चीवर बसून हे लिहितोय. संध्याकाळची पाळी आत्ताच आली. हंगाम नाही, त्यामुळं मिल बंद आहे आणि आवारात एवढी शांतता आहे की कँटीनमधल्या कपबशा ऐकू येतात.

तर हमीदभाई, सांगतो. तुम्ही सोलापूरला दवाखान्यात होतात तेव्हा तुमची परवानगी निघाली. ती निघणार हे मला आदल्या दिवशी माहीत होतं. नियम बरोबर होता, मी फोन केला नाही हे चूक होतं. तुम्ही रोज दार उघडून धरत होतात आणि मी रोज बाहेरून आकडा देऊन परत जात होतो. तुम्ही ते दार शेवटपर्यंत लावलं नाहीत, याबद्दल तुमचे उपकार कुठं ठेवू हे मला समजत नाही.

आणि दुसरं. आजपासून तुमचं खातं बंद करतोय. पहिल्या मोळीला या, असं या वेळी म्हणता येत नाही.

काल गाळप झालं नाही, हंगाम संपला. शेवटच्या दिवसाचा उतारा चांगला होता. तुम्ही विचारलंच असतं, म्हणून तेवढंही सांगून ठेवतो.

सांगितलं, हमीदभाई. आता ‘होय’ दाबतो.